तांबटांचं स्टील

देवदत्त तांबट पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आला त्या शुक्रवारी माझं डोकं आधीच उठलं होतं. शारजा रस्त्यावरच्या आमच्या शूटिंग क्लबात नुकताच नियम लागला होता – स्टीलच्या गोळ्या बंद. त्या निशाणांमागच्या लोखंडी भिंतीवर आपटून ठिणग्या उडवतात, उलट्या फिरतात. वरून तांब्याच्या दिसतात, आत स्टील. म्हणून प्रत्येक मेंबरच्या गोळ्यांना चुंबक लावायचं, चिकटल्या की परत. हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्याच्या गोळ्या टक्कन चिकटल्या.

"सॉरी सर, नॉट अलाउड."

त्यानं टेबलावरची पाटी वाचली. "शर्वाणी गोरे. मग मराठीत नाही म्हणा ना."

"नाही."

"छान म्हणता."

आडनाव तांबट, आणि आत सगळं स्टील. गोळ्यांसारखाच माणूस, असं मनात म्हणत मी पुढच्या मेंबरला हाक मारली.

पुढच्या शुक्रवारी मलाच फाटकावर अडवलं. "स्टील आत सोडायचं नाही," असं मी पहारेकरी गनीभाईंना बजावलं होतं. त्यांनी माझा जेवणाचा डबा काढून घेतला. "मैडम, आपनेही बोला था. स्टील खलास."

मी कपाळाला हात लावला. मागे देवदत्त उभा होताच.

"चुंबक लावा की. चांगलं स्टील चिकटत नाही," तो म्हणाला. "रास अल खोरला आमचं भांड्यांचं गोडाऊन आहे."

"तांबट, आणि स्टील विकता?"

"आजोबांपर्यंत तांबं होतं. आता आईलाही स्टीलच लागतं."

चुंबक लावलं. चिकटलं. "हलका माल," तो हळहळून म्हणाला. आईनं पुण्याहून दिलेला डबा! जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तरी तो दर शुक्रवारी येत राहिला, तेच खोकं घेऊन. "हा वेगळा लॉट आहे," म्हणायचा. टक्कन चिकटायचं. मग क्लबाच्याच गोळ्या घ्यायचा, चार झाडायचा आणि काउंटरपाशी चहा पीत बसायचा. मी कप ठेवला की माझी बोटं दूर होईपर्यंत तो कपाला हात लावायचा नाही… एवढंच. बाकी सगळं बोलणं स्टीलचं. कुठलं स्टील काळं पडतं, कुठल्या डब्याचं झाकण घट्ट बसतं.

मला तो आवडत होता. इतका, की गुरुवारी संध्याकाळी करामातल्या मावशीच्या घरी मी ओढणीला इस्त्री करत बसायचे. आणि हा माणूस झाकणांवर बोलायचा.

अशात आईचा फोन आला. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारचं तिकीट काढलं होतं, रविवारी नाशिकचा मुलगा बघायला येणार होता. मी देवदत्तला स्पष्टच सांगितलं. म्हटलं, आता तरी तोंड उघडेल.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "डबा… तोच नेणार? विमानात सांडेल."

चुंबक फेकून मारावंसं वाटलं.

जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फाटकावर आरडाओरडा. "मैडम, ये आदमी फिर स्टील लाया!"

देवदत्तच्या हातात नवा कोरा डबा. मी रागारागानं चुंबक लावलं, ते सरळ घसरून माझ्या तळहातावर पडलं. डबा हातात घेऊन बघितला, तर झाकणावर, रुखवतातल्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. शर्वाणी देवदत्त. पुढे जागा मोकळी.

"आडनाव नाही घातलं," तो म्हणाला. "भांड्यावरचं नाव पुसता येत नाही. आणि तुम्ही… 'नाही' फार छान म्हणता."

"तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"नाही ना. भांड्यावरच येतं."

माझे डोळे भरून आले. त्याचाही रागच आला.

"मैडम, पास या वापस?" गनीभाईंनी विचारलं.

"पास," मी म्हटलं. मग देवदत्तकडे वळले. "आईला फोन करून तिकीट रद्द करायला सांगते. तुम्ही आडनाव पुरं करा. आत्ता. पुन्हा झाकणांवर बोलायला लागाल, तुमचा भरवसा नाही."

"आजोबांची छिन्नी गाडीत आहे," तो म्हणाला आणि पळाला.

छिन्नी आणि हातोडी घेऊन आला, तर गनीभाईंनी माझ्या हातातून चुंबक घेतलं. टक्कन चिकटलं. "ये अंदर नहीं जाएगा."

शेवटी मीच बाहेर गेले. भर उन्हात गाडीच्या बॉनेटवर टॉवेल टाकून त्यानं माझ्यासमोर "तांबट" ठोकलं. शेवटचा ट वाकडा आला.

मी अजून त्याच डब्यात जेवते. ट वाकडाच आहे.