करडा शेजारी

समजा, तुमच्या शाळेत तुम्ही एकटेच आहात.

अख्ख्या शाळेत, बरं का. हजेरी घेताना मास्तर एकच नाव उच्चारतात. लपाछपी खेळायची तर लपायचं कोणी आणि शोधायचं कोणी? फळ्यावरचं उत्तर चुकलं तर हसायला कोणी नाही, बरोबर आलं तर जळायलाही कोणी नाही. घटकाभर डोळे मिटून तसं बसून बघा. मागच्या बाकांकडे कान द्या. रिकाम्या बाकांनाही आवाज असतो. मी तो बरेच महिने ऐकला आहे.

माझी शाळा ताकुआरेम्बो शहराच्या उत्तरेला, एका बुटक्या टेकाडावर होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, आणि वारा अडवायला निलगिरीची रांग. चहूकडे गवत आणि गवतात मेंढ्या. खाली उतार संपतो तिथे ओढा, त्याच्या काठाने झुडपांची काळी रेघ. आदल्या वर्षी शाळेत तीन मुलं होती. मेंढपाळाचं कुटुंब दुसऱ्या कुरणावर कामाला गेलं, त्यांची दोघं भावंडं गेली, आणि मागे लुहान उरली.

लुहान नऊ वर्षांची. आजोबांकडे राहायची आणि पिवळट घोडीवर बसून एकटीच शाळेत यायची. अंगात पांढरा डगला, गळ्याशी मोठा निळा बो. तो बो कधी म्हणून सरळ नसायचा. तिची आई ग्लेदिस राजधानीत एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायची. दुपारी जेवून बाई झोपल्या, की ग्लेदिसला थोडी उसंत मिळे. तेवढ्यात ती लॅपटॉपवर लुहानशी बोलून घेई.

हे लॅपटॉप सगळ्या मुलांना मिळाले होते. हिरवे-पांढरे, जेवणाच्या डब्याएवढे, आणि त्यांना सशासारखे दोन कान होते. कान उभे केले की छपरावरच्या अँटेनाशी जोड लागायची, मिटले की तुटायची.

त्या हिवाळ्यात ग्लेदिसने लेकीला सांगून ठेवलं होतं, की बाईंच्या घरच्यांना विचारते, आणि तू तिथे खरंच एकटी पडली असशील तर तुला इकडे घेऊन येते. लुहान तेव्हापासून त्या एका होकाराची वाट बघत होती. ती गेली तर शाळेला कुलूप लागणार, हे मला दिसत होतं. पण नऊ वर्षांच्या पोरीने आईजवळ असावं, यात दुसरं मत काय असणार?

आणि नेमका तेव्हाच तिचा लॅपटॉप बंद पडू लागला.

आईचा चेहरा पडद्यावर यायचा, दोन शब्द व्हायचे, आणि पडदा काळा. पुन्हा चालू केला की पुन्हा तेच. मायलेकींना मोकळं बोलता यावं म्हणून मी त्या वेळी स्वयंपाकघरात बसायचो. लुहान दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "मास्तर, परत गेला."

बिघाड शोधायचा एक नियम मी मुलांना शिकवत आलो आहे. तुम्हीही लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

मी आधी बॅटरी बदलली. मग चार्जर. मग कळफलक उघडला, तर आत साखरेचे कण आणि त्यांच्या वासाने आलेल्या मुंग्या. वाटलं, सापडला चोर. स्वयंपाक करणाऱ्या ओफेलियाबाई, तिकडच्या रीतीने दोन्या ओफेलिया, माझ्यासमोर बटाटे सोलत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, त्या डब्याला तुम्ही जेवढं गोंजारलंत ना, तेवढं एखाद्या बाईला गोंजारलं असतं तर आज एकटे जेवत नसता." मी मुंग्या झटकल्या, सगळं पुसून पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप बंद पडला.

आतली सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली, तरी तेच. शेवटी, शाळा सोडून गेलेल्या भावंडांपैकी एकाचा लॅपटॉप कपाटात होता, तो लुहानला दिला. तोही बंद पडला.

म्हणजे दोष यंत्रात नव्हता. मग जागेत असेल. लुहानचा बाक ओढ्याकडच्या खिडकीशी होता. मी तिला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि तिचा जुना लॅपटॉप घेऊन स्वतः तिच्या बाकावर बसलो. कान उभे करून अख्खी दुपार त्यावर लिहीत बसलो. लॅपटॉप जराही कुरकुरला नाही.

त्याच दुपारी मी टिटव्यांकडे पहिल्यांदा लक्ष दिलं.

टिटवी म्हणजे कुरणाची राखणदार. गवतातून कोणी चालत आलं की ओरडते. खाली ओढ्याशी एक जोडी ओरडली. मी मान वर करून पाहिलं. उतार रिकामा होता. थोड्या वेळाने उताराच्या मध्यावरची जोडी ओरडली. मग कुंपणाजवळची. निलगिरीला बांधलेल्या घोडीने दोन्ही कान शाळेकडे वळवले. मग सगळं गप्प झालं.

पलीकडच्या खोलीतून लुहानचा आवाज आला, "मास्तर, परत गेला."

या लॅपटॉपमध्ये 'शेजार' नावाचं एक पान असायचं. जवळपास कोणाचा लॅपटॉप चालू असेल तर त्याचं छोटं माणूस त्या पानावर दिसे. प्रत्येकाचे स्वतःचे दोन रंग, खाली नाव. मी ते पान उघडलं. माझ्या हातातल्या लॅपटॉपचं माणूस होतं, निळं-पिवळं. लुहानचं नुकतंच विझलं होतं. आणि एक तिसरं होतं. करड्या रंगाचं, बिननावाचं.

मी लुहानला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, ओढ्यापलीकडच्या एखाद्या घरात कोणीतरी मूल आहे. त्याची लहर आपल्यापर्यंत येते आणि तुझ्या लॅपटॉपचा गोंधळ उडवते.

"तिकडे कोणी राहत नाही, मास्तर," ती म्हणाली. पडद्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

दोन्या ओफेलियांचा जन्म त्याच भागातला. त्यांना विचारलं, तेव्हा त्या पीठ मळत होत्या. एरवी त्यांच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मोजकंच बोलल्या. म्हणाल्या, ओढ्यापलीकडे विजेची तारसुद्धा गेलेली नाही, लॅपटॉप कुठून जाणार? आणि पिठाच्या हातानेच त्यांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

मी हट्टाने दुसऱ्या दुपारी तोच लॅपटॉप घेऊन ओढ्याकडे निघालो. लहर कुठून येते ते शोधायचं, तर ती जिकडे वाढेल तिकडे जायचं, साधा हिशोब. मी उतरत गेलो तसं करडं माणूस फिकं होत गेलं. ओढ्याशी पोचलो तेव्हा ते दिसेनासं झालं होतं. मला बरं वाटलं. परत फिरलो. कुंपणाशी ते पुन्हा उगवलं. पायऱ्यांवर गडद झालं. वर्गात शिरलो तेव्हा ते इतकं ठसठशीत झालं होतं, की मी लॅपटॉप मिटून टाकला.

लुहान बाकावर बसून गणितं सोडवत होती. बाक दोघांचा. ती डाव्या टोकाला, अगदी कडेला बसली होती.

त्या संध्याकाळी मी मनाशी सगळी उजळणी केली. बॅटरी बदलली, चार्जर बदलला, प्रणाली बदलली, यंत्र बदललं, जागा बदलली. एकच गोष्ट बदलली नव्हती. प्रत्येक वेळी समोर लुहानच होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात न जाता मी वर्गाच्या दाराआड उभा राहिलो.

टिटव्या ओरडल्या. खालच्या, मधल्या, कुंपणाजवळच्या. मग शांतता.

पडद्यावर ग्लेदिस आली. "चिमणे, जेवलीस का?" मग तिची नजर लेकीवरून सरकून थोडी बाजूला गेली, आणि ती हसू लागली. "अगं, हा कोण तुझ्या..."

लुहानचा अंगठा कोपऱ्यातल्या बटणावर गेला. तिने ते दाबून धरलं. पडदा काळा झाला.

ती वळली आणि मला पाहून जागीच थबकली. पण रडली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मुलांशी महत्त्वाचं बोलायचं असेल तर त्यांच्यापेक्षा खाली बसावं.

"पहिल्यापासून तूच बंद करत होतीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"त्याला घाबरतेस?"

या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. "नाही. तो काही करत नाही. नुसता बसतो."

"मग?"

"आईने त्याला नीट बघितलं तर तिला वाटेल, मला सोबत आहे," ती बोटाने बो पिळत म्हणाली. "मग ती न्यायला येणार नाही."

मी बाकाच्या उजव्या अर्ध्याकडे पाहिलं. लाकूड, त्यावर आधीच्या मुलांनी कोरलेली नावं, खिडकीतून आलेला उजेड. दुसरं काही नव्हतं. मी तिथे हात मात्र ठेवला नाही.

मी तिला म्हटलं, बिघाड लपवला तर तो वाढतो, दाखवला तर दुरुस्त होतो. उद्या मी तुझ्या शेजारी बसतो, तू बटणाला हात लावू नकोस. तुझ्या आईला मी सांगतो. तिने पिळलेला बो सोडला. मग हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झिमझिम पाऊस होता. असा पाऊस असला की दोन्या ओफेलिया पिठाच्या चपट्या पुऱ्या तळायच्या, वर साखर भुरभुरवून. त्यांनी ताटली आमच्यासमोर ठेवली आणि दाराशीच घुटमळत उभ्या राहिल्या. मी खुर्ची लुहानच्या डाव्या हाताला ओढली. उजवीकडचा बाक रिकामा होता.

टिटव्या ओरडत ओरडत वर आल्या. मग थांबल्या.

ओल्या लोकरीचा वास आला. मेंढ्यांच्या मुलखात त्यात विशेष काही नाही. पण कळप त्या दिवशी पलीकडच्या उतारावर होता.

लुहानने लॅपटॉपचे कान उभे केले.

पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यातलं आमचं प्रतिबिंब दिसत होतं. त्यात लुहान होती, मी होतो आणि रिकामा बाक. मी ते नीट पाहून घेतलं. मग ग्लेदिस आली.

"अरे वा, आज मास्तरही," ती म्हणाली. "तुम्ही काय करताय त्या लॅपटॉपला, चूल फुंकल्यासारखा सारखा विझतो." आणि मग तिची नजर सरकली. "आणि हा नवा गडी कोण? भिजलाय की हो पुरता. एखादं फडकं तरी द्या त्याला डोकं पुसायला."

दाराशी उभ्या दोन्या ओफेलियांनी हाताची घडी सोडून छातीवर क्रुसाची खूण केली.

"बरं झालं बाई, सोबत झाली," ग्लेदिस म्हणत होती. "मी इकडे रोज काळजी करत होते. आता काय, वर्षअखेरीपर्यंत..."

लुहानचा अंगठा बटणाकडे गेला. मी तिचं मनगट धरलं. ते थंडगार होतं.

"ग्लेदिस," मी म्हटलं, "नीट ऐक. शाळेत लुहान एकटीच आहे. इथे दुसरं मूल नाही."

ती हसली. मी हसलो नाही. ती थांबली.

तिची नजर माझ्यावर आली. मग लुहानवर. मग पुन्हा उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू ओसरलं. तिच्यामागे कुठेतरी म्हातारी बाई झोपेत खोकली.

"मास्तर," ती अगदी हळू म्हणाली, "तो आत्ता तुमच्याकडे बघतोय."

मी मान वळवली नाही.

"शनिवारी येते मी," ग्लेदिस म्हणाली. आवाज घट्ट धरून ती बोलत होती, लेकीसाठी. "चिमणे, ऐकतेस ना? शनिवारच्या गाडीने येते आणि तुला घेऊन जाते. परतीची तिकिटंही आजच काढून ठेवते. तुझं आणि माझं. दोन."

माझ्या मुठीतलं लुहानचं मनगट सैल पडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. तिने एक पुरी उचलली, मधोमध फाडली आणि अर्धी बाकावर उजवीकडे ठेवली.

मग परीक्षेत शेजारच्याला हळूच विचारावं तशी ती त्या बाजूला थोडी झुकली. ऐकल्यासारखं केलं. मान डोलावली.

आणि आईला नीट दिसतील अशी तीन बोटं वर केली.