खांद्यावरचा पूल

आमच्या इंजिनिअर कंपनीचा इतिहास लिहायला घेतला, म्हणून मी त्या नदीवर गेलो. नाहीतर तिकडे माझं काही काम नव्हतं. लढणाऱ्या पलटणींची स्मारकं होतात. आम्ही मात्र त्यांच्या पुढे जाऊन सुरुंग काढायचे, पूल टाकायचे आणि सगळे पार झाले की पूल आवरून मागून चालायचं. आमच्याबद्दल कोण लिहिणार? निवृत्त झाल्यावर म्हटलं, आपणच लिहू.

युद्धात आमच्या कंपनीनं त्या नदीवरून माघार घेतली होती, त्यातला एकच माणूस हयात होता. सगळे त्यांना हवालदारकाका म्हणायचे. मुलाच्या घरी राहायचे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मी पोचलो तेव्हा हिवाळ्यातली दुपार कलली होती आणि धुकं खिडक्यांना चिकटून बसलं होतं. सूनबाईंनी चहा दिला, मग मला दाराशी गाठून हळूच म्हणाल्या, "धुकं पडलं की बाबा नदीकडे जायचा हट्ट धरतात. आम्ही सोडत नाही. आज तुम्ही आहात सोबत... पण अंधारायच्या आत या हं."

काका काठी टेकत पुढे निघाले. चालता चालताच त्यांनी सांगितलं.

"होड्या ओळीनं बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या, असा पूल होता आमचा. मधल्या होड्या शत्रूच्या तोफांनी उडवल्या. जखमी अजून पलीकडेच. माझ्याही पायात गोळी. दुसऱ्या होड्या आणायच्या कुठून? मग आमची पोरं पाण्यात उतरली. छातीपर्यंत पाणी, आणि असं गार की श्वासच अडकावा. फळ्या खांद्यावर घेऊन उभी राहिली. आमची स्ट्रेचरं गेली ती त्यांच्या डोक्यांवरून. मधल्या फळीखाली माझा धाकटा भाऊ होता. मला म्हणतो कसा, दादा, हलू नकोस रे, मला गुदगुल्या होतात."

काका हसले.

"सगळे पार झाले की निरोप येईल, तोवर फळ्या सोडायच्या नाहीत, असा हुकूम होता. निरोप घेऊन निघालेला जवान गोळी लागून काठावरच पडला. मी बेशुद्ध. नदी चढत गेली... पण सांगायला कोणी गेलंच नाही. पोरं तशीच उभी राहिली."

आम्ही काठावर आलो. समोर ना पूल, ना होडी. पांढऱ्या धुक्यात दोन हातांपलीकडचं पाणीही दिसत नव्हतं. ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास येत होता. नदीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. पाणी वाहायचंच थांबलं असावं, असं वाटलं मला.

मग फळी करकरली. नदीच्या मधोमध.

काकांनी माझा दंड धरला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पाण्याच्या कडेला जाऊन, लहान मुलाला उठवावं तसं त्यांनी हाक मारली, "धाकट्या..."

मग खालून, अगदी पाण्याला लागून, थंडीनं कुडकुडणारा तरुण आवाज आला.

"दादा? ...सगळे गेले का?"

मी एक पाऊल मागे सरलो. काका मात्र रडत होते आणि हसतही होते.

"गेलो रे राजा. सगळे पोचलो. मी म्हातारा झालो बघ. सोड आता फळी... पोरांना सांग, सोडा."

खाली कुजबुज झाली, पुष्कळ गळ्यांची. वाटलं, सुटली बिचारी. मीसुद्धा हात जोडले.

"नाही दादा," आवाज म्हणाला. आता तो फार थकलेला वाटत होता. "अजून येतायत... वजन लागतंय खांद्याला."

तेव्हा मलाही ऐकू आलं. पलीकडच्या काठाकडून, धुक्यातून, फळ्यांवर पावलं वाजत होती. जड, सावकाश, पुष्कळ.

काका पलीकडे बघत राहिले. तिकडे आपलं कोणी उरलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण इतकी वर्षं फळी धरून उभ्या असलेल्या पोराला ते सांगवेना त्यांना. शेवटी ते खाली वाकले आणि फुटलेल्या आवाजात म्हणाले, "मग... धर रे बाळा. थोडा वेळ अजून धर."

मी त्यांना अक्षरशः ओढत मागे नेलं. पावलं येतच होती. पार काठापर्यंत आली, आमच्या अंगावरून गार वारा गेला, आणि मागे घराकडच्या वाटेवर ती पुन्हा वाजू लागली.