तळघरातली हवा

सुट्टीची दुपार होती. ऑफिसची सहा मजली इमारत रिकामी होती आणि वीजबचतीचा तपासनीस फेरतपासणीला आला होता. असली कामं सुट्टीतच करायची. सगळं बंद असताना कोण गुपचूप वीज खातंय ते तेव्हाच कळतं. गेल्या वर्षी या इमारतीचा अहवाल यानंच लिहिला होता. तोच बरोबर होता, असं आता सही करून द्यायचं आणि सुटायचं.

फाटकाशी तळघरातल्या कारकुनाची मुलगी उभी होती. तिला पाहून त्यानं नजर चुकवली.

"काका, एकच ओळ बदला. खाली माझे बाबा बसायचे, एवढं लिहा. हे ऑफिसवाले सांगत फिरतात, की ते तिथे झोपा काढायला गेले होते."

"बघतो," तो म्हणाला. बघतो म्हणणाऱ्यानं कधी काही बघितलंय?

गेल्या वर्षीही त्यानं बघितलं नव्हतंच. जिना उतरायचा कंटाळा, दुसरं काय! वर बसून, चहा पीत, यादीवरून खरडलं होतं: 'तळघर, जुन्या फायली. माणसं शून्य. एक्झॉस्ट फॅन विनाकारण चालू, बंद करावा.' शहाण्यांनी फॅन काढूनच टाकला. मग एकदा वीज गेली, मागचा जनरेटर सुरू झाला, तळघरात धूर भरला, आणि फायली लावणारा म्हातारा कारकून खुर्चीतच गेला.

या खेपेला मात्र तो खाली उतरला. म्हातारा गेल्यापासून खोलीला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं ते उघडलं आणि स्वतः जिन्यातच थांबला. आत अंधार, कुबट कागदांचा वास, आणि त्यामागे किंचित धुराचा. तपासनीसानं हवा मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. माणसं श्वास सोडतात तसा त्यावरचा आकडा चढतो. मोकळ्या हवेत चारशे, माणसांनी भरलेल्या खोलीत हजाराच्या वर.

आकडा होता दोन हजार शंभर.

आपला श्वास मोजला जाऊ नये म्हणून तो बाहेर येऊन उभा राहिला. पाच मिनिटांनी दारातून डोकावला. दोन हजार तीनशे. आणि चढतच होता...

"आत... कुणी आहे का?"

"तुम्हीच लिहिलंय ना साहेब, कुणी नसतं म्हणून," पहारेकरी हळूच म्हणाला.

यंत्र उचलून तपासनीस वर आला आणि त्यानं आपल्या साहेबांना फोन लावला.

"आता ओळ बदललीत, तर न बघता लिहिलं होतं हे कबूल केल्यासारखं होईल," साहेब म्हणाले. "परवाना जाईल तुमचा. आणि म्हातारा काय परत येणार आहे?"

लाज वाटली त्याला, नाही असं नाही. पण परवान्याची भीती लाजेपेक्षा मोठी निघाली. त्यानं लिहिलं, 'माणसं शून्य', आणि सही ठोकली.

फाटकाशी मुलीनं विचारलं, "लिहिलंत?"

"हो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला आणि गाडीत बसला.

काचा बंद करून तो निघाला. धाप लागली होती. शेजारच्या सीटवर यंत्र चालूच होतं. चारशे. अर्धा तास झाला, तरी चारशेच. सिग्नलला त्यानं ते उचललं, तोंडाशी धरलं आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा त्यावर फुंकली.

आकडा हलला नाही.