केतकर डॉलर

गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ड्रॉइंग ऑफिस होतं. कारखान्यांच्या सुट्या भागांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून द्यायचे, हा धंदा. अकरा कॉम्प्युटर, मोठे नकाशे छापणारा एक प्लॉटर, आणि खिडकी उघडली की कांद्याचा वास. साल २००१. नेटवर्कचं सगळं मी बघायचो. मी म्हणजे श्रीनिवास केतकर.

एकाने सुरू केलेला नकाशा दुसऱ्याने पुरा करायचा, अशी आमची पद्धत. माझी सोडून जागाही रोज बदलायच्या. त्यामुळे कामाची फोल्डरं सगळ्यांना खुली असत. कोणाला खाजगी काही ठेवायचं असलं, तर मी वेगळं फोल्डर करून द्यायचो आणि त्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावायचो. मग ते नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. मात्र नाव ठाऊक असलेला कोणीही ते टाइप करून उघडू शकतो. हे मी कोणाला सांगत नसे. लोक विसरतात म्हणून नावंही सोपी दिली होती: आडनाव आणि पुढे डॉलर. त्यामुळे सगळ्यांचं सगळं मला वाचता यायचं आणि मी वाचायचो. दुपार बरी जायची.

दीपमाला गावंडे पुसदहून आलेली, आमच्याकडे दीड वर्ष ड्राफ्टिंग करत होती. तिच्या फोल्डरमध्ये आईला लिहिलेली पत्रं होती. आई वारलेली होती. एका सोमवारी, चारच्या चहाला, त्यातलं एक मी मोठ्याने वाचलं. ‘आई, इथं मला कोणी नावानं हाक मारत नाही.’ मी तिच्याच हेलात वाचल्यामुळे हशा चांगला पिकला.

ती कप हातात धरून उभी होती. “सर, त्याले कुलूप होतं ना?”

“गावंडेबाई, तो डॉलर आहे. नुसता पडदा. आडनाव टाकलं की बाजूला होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण इथे झाकतं कोण?”

पुन्हा हसले सगळे. आपण आपल्याच फोल्डरचं नाव अख्ख्या ऑफिसला सांगून बसलो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती. वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात. ‘हरवले आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा लेंगा-सदरा, तपकिरी स्वेटर, विस्मरण होते.’ माझे वडील, नाना. त्यांना हरवून चार महिने झाले होते. माझी बायको नीरजा दर रविवारी त्यांचा फोटो घेऊन एसटी स्टँडवर कंडक्टरांना विचारत फिरायची. तिला वडील नव्हते. नानांना न्हाऊ-जेवू घालायचं तिनेच केलं होतं, आणि आपण दार उघडं ठेवलं म्हणून ते गेले, असं ती धरून बसली होती. मी तिची समजूत काढली नाही.

नाना हरवले नव्हते. मीच त्यांना स्वारगेटला सोलापूरच्या बसमध्ये बसवलं, कंडक्टरला तिकिटाचे पैसे दिले आणि म्हटलं, “नाना, हलू नका. पाणी आणतो.” मग रिक्षा करून ऑफिसला आलो. एक तातडीचा नकाशा होता, तो वेळेत दिला. नाना मला दिवसातून दहादा माझंच नाव विचारायचे. मला कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नाही. नीरजाला हे कधी कळू नये, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी सकाळी माझ्या फोल्डरमध्ये दुसरी फाइल होती. नाव ‘स्वारगेट’. आत एकच ओळ.

‘खिडकीची जागा मिळाली. श्रीनिवास पाणी आणायला गेला आहे.’

मी आधी दीपमालाकडे पाहिलं. पण पाण्याचं कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय माझ्या फोल्डरमध्ये इतरांना फक्त वाचता यायचं. लिहायचं तर माझ्याच कॉम्प्युटरवरून, आणि त्याचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. मी फाइल पुसली. जेवून आलो तर ‘लोणी काळभोर’ आली होती. ‘बस चालू आहे. तो मागच्या बसने येईल.’

मी फोल्डर नेटवर्कवरून काढलं. खुल्या फोल्डरच्या चित्राखाली विंडोजमध्ये एक पसरलेला हात दिसतो. तो गेला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर हात परत तिथेच. पासवर्ड घातला, पण कोणालाच विचारला गेला नाही. बुधवारी मी नेटवर्कची वायर उपटून शेजारी ठेवली. संध्याकाळी ‘सोलापूर’ आली.

‘सगळे उतरले. हलू नका म्हणाला, म्हणून बसलो आहे.’

मी वायर परत लावली आणि दीपमालाच्या टेबलाशी गेलो. “हे तुमचे उद्योग आहेत का?”

“नाही सर,” ती म्हणाली. “आम्ही फक्त वाचतो.”

आपलं फोल्डर कोण उघडून बसलंय ते दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. मी तो लावला. बाकीचे दहाही कॉम्प्युटर जोडलेले होते.

गुरुवारी फाइली पुण्याकडे परत फिरल्या. ‘भिगवण. चालतो आहे.’ ‘यवत. चपला गेल्या.’ ‘लोणी काळभोर. इथून रस्ता माहीत आहे.’

सोलापूरहून चालत येणाऱ्या माणसाला एका दिवसात भिगवण गाठता येत नाही. हा हिशोब मी मनात पुन्हा पुन्हा केला.

शुक्रवारी चारचा चहा आला. दीपमाला आपल्या पडद्यासमोर उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात वाचायला लागली.

“हडपसर. पाय सुजले.”

“गावंडेबाई, बसा खाली.”

“स्वारगेट. श्रीनिवास इथे नाही.”

कोणी हसलं नाही. मी मेन स्विचकडे निघालो, पण वाटेत सगळे उभे होते आणि कोणी सरकलं नाही.

“अजून एक आली सर,” ती म्हणाली. “घर. दार सूनबाईने उघडलं. ती रडते आहे. आधी पाणी पितो. मग तिला सांगतो.”

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी उचलला. “अहो,” नीरजा रडत रडत म्हणाली.

तिच्या मागे कोणीतरी पाणी पीत होतं. घोट, मग घोट. तांब्यातून पुन्हा ओतल्याचा आवाज, मग पुन्हा घोट.

मग रिकामं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.