लाकडी राजधानी

दोन थोरल्या शहरांचं भांडण मिटेना, म्हणून मधल्या या गावाला राजधानीचा मान मिळाला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! पण राजधानी तरी केवढी? सचिवालयात कुणी शिंकलं, की बाजारात औषध सुचवलं जाई, एवढीशी.

विधानभवनाच्या तळमजल्यावर या शहराची हुबेहूब लाकडी प्रतिकृती होती. घर न् घर, झाड न् झाड. ती सांभाळणारा सुतार साठीचा, हात स्थिर, मान ताठ. गावात नवं घर उभं राहिलं की तो इथे ठोकळा बसवी. जुनं पडलं की काढी. गुरूनं सांगितलेला नियम एकच: आधी वीट, मग लाकूड. चाळीस वर्षं त्यानं तो पाळला.

"उद्या मुख्यमंत्री बघायला येणार," अभियंता म्हणाला. "नवा रस्ता दिसायला हवा. जुन्या गल्लीतली सात घरं काढा."

"अजून उभी आहेत ती."

"महिन्याभराची पाहुणी! की आक्कांचं घर आहे म्हणून हात जड झाला?"

आक्का ही सुताराची थोरली बहीण. सातव्या घरात एकटीच राहायची, घर सोडण्याच्या नोटिशींवर भाजी निवडायची आणि "मी हलायची नाही, मेल्यांनो" असं सगळ्यांना सुनावायची.

सुतार हसला. लाकूड ते लाकूड. त्यानं पटाशीनं ठोकळे उचलले. सातवा सुटेना, पटाशी घसरली, त्यावर रंगवलेलं हिरवं दार पार खरवडून निघालं. ठोकळे खणात टाकून त्यानं रस्त्याची पट्टी चिकटवली, कडेनं झाडं रोवली आणि दुपारी आक्काची समजूत घालायला निघाला.

गल्ली नव्हती.

रुंद रस्ता होता. कडेला झाडं होती, कवेत न मावणाऱ्या बुंध्यांची. कोपऱ्यावरचा सायकलवाला पंक्चर काढत होता. कालच आक्काच्या हातचा चहा पिऊन गेलेला.

"गल्ली कुठंय रे?"

"कुठली गल्ली, काका? जन्म गेला माझा इथं. हा रस्ताच आहे."

"अरे, माझी आक्का..."

"तुम्हाला बहीण होती होय?"

सुतार धावत परतला. पट्टी उपटली, झाडं उपटली. सहा ठोकळे बसले. सातवा हातात घेतला. दार खरवडलेलं, आत नुसतं कोरं लाकूड. घराला दार नको? त्यानं कुंचला हिरव्या रंगात बुडवला, एक फटकारा मारला, ठोकळा दाबून बसवला.

तो पुन्हा बाहेर धावला. गल्ली परत आली होती. सहा घरांतून भांडी वाजत होती, कुणी कुणाला हाका मारत होतं.

तो सातव्या घरापाशी थांबला.

"आक्का!"

"आलास? ये की आत. दार उघडंच आहे."

जिवात जीव आला. त्यानं दार ढकललं.

हललं नाही. कडी नव्हती, फट नव्हती. भिंतीसारखं गुळगुळीत.

"ढकल ना, मेल्या," आतून आक्का म्हणाली. "चहा निवतोय."

त्यानं हात मागे घेतला. तळवा हिरवा झाला होता.