लाल पाठीचे बिल्ले

रविवारी सकाळी श्यामरावांनी कपाट उघडलं आणि मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी कुणीतरी ओरडलं, "काका, माझे बिल्ले!"

मग सगळीच ओरडली.

कपाटात मुलांच्या पाट्या होत्या. पाटी म्हणजे पुठ्ठ्यावर शिवलेलं निळं कापड आणि त्यावर टोचलेले बिल्ले. जहाज कंपन्यांचे, फुटबॉल क्लबांचे, झेंडादिनाचे. कलकत्त्याला बालीगंजमधल्या मराठी घरांतली मुलं दर रविवारी श्यामरावांच्या व्हरांड्यात जमून त्यांची अदलाबदल करत. घरी नेले की भांडणं होतात, म्हणून पाट्या आठवडाभर इथेच राहायच्या. आज प्रत्येक पाटीवर मोकळ्या जागा होत्या. खालच्या फळीवरचा बिस्किटांचा डबाही उघडा होता आणि जवळजवळ रिकामा.

हा डबा नवशिक्यांचा. ज्याच्याकडे एकही बिल्ला नाही त्याने यातून एक उचलायचा आणि खेळात शिरायचं. पुढे जोडीचा बिल्ला हाती आला की एक परत टाकायचा. ही कल्पना सरलेची, विनायकच्या बायकोची. नवे बिल्ले पोरांना परवडत नाहीत हे तिच्या लक्षात आलं होतं. मग ती खिदिरपूरला गोदीबाहेरच्या भंगारवाल्याकडून टाचणी मोडलेले बिल्ले मूठमूठ घेऊन यायची, फुटाण्यांच्या भावात. घरी बसून मागे नवी टाचणी बसवायची आणि वाटून टाकायची. गेल्या वर्षी विषमज्वरात सरला गेली आणि डबा श्यामरावांकडे आला.

श्यामरावांनी तीस वर्षं गोदीवर कस्टममध्ये काढली होती. खोक्याकडे नुसतं बघून आत काय दडवलंय ते सांगायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या नाकाला काही काम उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि पाट्या एकेक करून उजेडात धरल्या.

पितळी सिंह जागच्या जागी होता. मिनाकाम केलेलं जहाजही होतं, ज्याच्यासाठी पोरं जीव टाकायची. गेले होते ते सगळे स्वस्तातले. आणि जिथून ते गेले तिथे तिथे निळं कापड टरकन फाटलं होतं.

'पितळ टाकून पत्रा नेणारा हा कसला चोर?' श्यामराव मनाशी म्हणाले.

शेजारच्या सुहासिनीबाई आपल्या कमलला घेऊन आल्या होत्या. त्यांना इतका विचार करायची गरज वाटली नाही. "शोधायचं काय त्यात? दर शनिवारी डबा पुसायला कोण येतं?"

सगळ्यांच्या माना हेमाकडे वळल्या. हेमा सरलेची मुलगी, दहा वर्षांची.

"हेमा," श्यामरावांनी विचारलं, "तू घेतलेस?"

ती फाटलेल्या कापडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

"कुठे आहेत?"

"तळ्यात टाकले."

"का?"

हेमा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून निघून गेली. तीस वर्षांत श्यामरावांनी खोटं बोलून नाकारणारे शेकड्यांनी पाहिले होते. खोटं बोलून कबूल करणारी ही पहिलीच. पण तसं का वाटतंय हे त्यांना सांगता येईना आणि त्यामुळे ते दिवसभर चिडलेले राहिले.

---

सोमवारी ते विनायकच्या घरी गेले. विनायक सरकारी अधिकारी. रविवारी पहाटेच तो आसनसोलला दौऱ्यावर गेला होता आणि बुधवारी परतायचा होता. घरात त्याची थोरली बहीण प्रेमलताबाई होत्या. सरला गेल्यावर त्या सांगलीहून येऊन राहिल्या होत्या.

बाई गच्चीवर होत्या. वैशाखाच्या उन्हात गाद्या, उशा, लोखंडी ट्रंका ओळीने मांडल्या होत्या.

"ढेकूण हो!" त्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. "या कलकत्त्यात माणसं कमी आणि ढेकूण जास्त. ज्येष्ठात लग्न आहे विनूचं. नव्या मुलीने येऊन ढेकूण मारायचे का? ती काळी ट्रंक विनूची. किल्ली बरोबर घेऊन गेलाय. म्हटलं, बंद तर बंद, तापू दे तशीच."

"आणि हेमाचं काय ठरवलंत?"

बाईंचा आवाज उतरला. "गुरुवारच्या गाडीने पुण्याला. वसतिगृहात ठेवते. माझे दीर, मनोहर भावजी आलेत, ते नेतील. चोरटी पोर नव्या आईच्या पदरात कशी घालू? पहिलीची एक वस्तू घरात ठेवली नाही मी. पातळं, बांगड्या, सगळं सवाष्णींना वाटलं. तिच्या नावाचा टाक करून देवघरात बसवला. नव्या मुलीने कुणाच्या सावलीत नांदू नये. आणि आता हे!"

"विनायकला माहीत आहे?"

"आल्यावर सांगेन."

हेमा खाली पडवीत तांदूळ निवडत होती. श्यामराव तिच्यासमोर बसले.

"तळ्यात कुठल्या बाजूला टाकलेस?"

"काठावरून."

"एकेक, की सगळे एकदम?"

"एकदम."

"तुझ्या पाटीवरचेही दोन गेलेत. स्वतःचेच बिल्ले चोरलेस? ते तर मागितले असतेस तरी मी हातावर ठेवले असते."

हेमाचा हात सुपात थबकला. जिन्यावरून बाईंचा आवाज आला, "हेमे, डावा हात! किती वेळा सांगायचं? उजव्याने निवड!"

हेमाने मुकाट्याने हात बदलला. उजव्या हाताने तिला खडा चिमटीत धरता येईना.

"पोरी, तुला पुण्याला धाडताहेत," श्यामराव हळूच म्हणाले. "खरं सांग, मी थांबवतो."

"मीच घेतले, काका," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी सुपात पडलं. "कुणाला विचारू नका ना."

'कुणाला' हा शब्द श्यामरावांनी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवला. शनिवारी त्यांच्याकडे तिघं आली होती. दुपारी हेमा डबा पुसून गेली. मग सुहासिनीबाई लोणच्याची वाटी घेऊन आल्या आणि दारातूनच परतल्या. संध्याकाळी विनायक दौऱ्यावर निघण्याआधी भेटायला आला होता. सरला गेल्यापासून पहिल्यांदा तो आपणहून चहा मागून प्यायला. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असते, हे या तिघांनाच काय, रस्त्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं.

---

मंगळवारी दुपारी कमल एकटीच आली. सात वर्षांची ती. चोरी कळली त्याच्या आदल्याच रविवारी तिने डब्यातून पहिला बिल्ला उचलला होता. दारात उभी राहून ती झग्याच्या घेराशी चाळा करत होती.

"काका, मी पण चोर आहे."

"अरे वा! ये, बस."

"मी माझा बिल्ला पाटीवर ठेवला नाही. घरी नेला. रात्री उशीखाली ठेवते." तिने झगा उलटा केला. आतल्या बाजूला, आईला दिसू नये असा, एक बिल्ला टोचलेला होता. रंग उडालेला, कुठल्याशा आगबोटीचा. "हेमाताईला पुण्याला नेऊ नका. मलाही न्यायला लागेल मग."

श्यामरावांनी बिल्ला काढायला हात घातला. टाचणी सुटेना. त्यांनी जोर लावला तसं कापड करकरलं.

"असं नाही, काका! सरलाकाकूचे बिल्ले उलटे उघडतात." कमलने आपला डावा हात पुढे केला, थोडं धडपडून टाचणी सोडवली. "काकू डावखुरी होती ना. सगळ्यांना माहितीय."

बिल्ला त्यांच्या तळहातावर पालथा पडला. पाठीवर लाल लाख होती, विनायकच्या कचेरीत पार्सलं बंद करायला वापरतात तसली. सरलेने टाचणी लाखेत बसवली होती आणि लाख गरम असतानाच वरून दाबली होती. अंगठ्याने.

श्यामरावांनी भिंग आणलं. आयुष्यभर लाख दिसली की आधी त्यावर कुणाची मोहर आहे ते बघायची सवय. ही मोहर स्पष्ट होती. बारीक वळणदार रेघा, मधोमध एक आडवा व्रण. विळीवर कापल्याचा असावा.

त्यांनी कमलला बिल्ला परत दिला. "हा असाच लपवून ठेव. उद्या आईला घेऊन हेमाच्या घरी ये." आणि एकदम त्यांना गच्चीवरची काळी ट्रंक आठवली. सोमवारपासून ती उन्हात तापत होती.

---

बुधवारी संध्याकाळी विनायकच्या बैठकीत सगळे जमले. विनायक प्रवासाच्या कपड्यांतच खुर्चीवर बसला होता. हेमाची बातमी त्याला नुकतीच कळली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हेमा दाराआड उभी होती. श्यामरावांनी सोबत आणलेल्या पाट्या भिंतीपाशी ठेवल्या होत्या. काळी ट्रंक प्रेमलताबाईंनी दुपारीच खाली आणवली होती.

"गेले ते बिल्ले स्वस्तातले होते म्हणून गेले नाहीत," श्यामरावांनी सुरुवात केली. "मी मुलांना विचारून ताडून पाहिलं. गेलेला प्रत्येक बिल्ला सरलेने दुरुस्त केलेला होता. लाल पाठीचा. बाकी एकालाही हात लागला नाही. म्हणजे चोराला बिल्ल्याचं तोंड नको होतं, पाठ हवी होती."

"पाठ घेऊन कुणी काय करणार?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

"सांगतो. आधी चोर कोण नाही ते. सरलेच्या टाचण्या डाव्या हाताने उघडतात. पोरांना ते पाठ आहे आणि हेमा तर स्वतः डावखुरी. ती डोळे मिटून त्या सोडवेल. पण पाट्यांवरचं कापड फाटलंय. म्हणजे ज्याने कधी बिल्ला हातात धरला नाही अशा कुणीतरी मोठ्या माणसाने घाईघाईने ओढले. सुहासिनीबाई, तुम्ही दारातून आत आला नाहीत. उरला एकच माणूस. मी चहा करायला गेलो तेव्हा कपाटापाशी एकटा बसलेला."

विनायकने मान वर केली नाही.

"विनू?" प्रेमलताबाई पुटपुटल्या. "अरे, पोरांचे बिल्ले?"

"तू सगळं वाटून टाकलंस, अक्का," विनायक म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "मी अडवलं नाही. पुरुषासारखा पुरुष, बायकोची पातळं कवटाळून कसा बसणार? लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी तिचं तोंड झाकलंय. देवघरातला टाक बघितलास? त्याच्यावर बाईचा चेहरा आहे, अक्का. कुठल्याही बाईचा. सोनाराकडे साचा असतो." तो थांबला. "लाख मीच आणून द्यायचो तिला. चटका बसला की अंगठा तोंडात घालायची. शनिवारी आठवलं, तो अंगठा अजून आहे. पोरांकडे आहे."

"मागितले असतेस तर?" श्यामराव म्हणाले.

"काय म्हणून मागू? ज्येष्ठात मुंडावळ्या बांधायच्यात मला."

दाराआडून हुंदका आला. विनायक दचकून वळला.

"हेमा, तू का कबूल केलंस?"

"तुम्ही शनिवारी रात्री एकेक बिल्ला गालाला लावत होता," हेमा म्हणाली. "आत्या म्हणते, रडणाऱ्या पुरुषाला कोण मुलगी देईल? मग ती तुम्हाला रागावली असती."

प्रेमलताबाई खाली बसल्या.

विनायक उठला. "देतो सगळे परत. आत्ता देतो." त्याने खिशातून किल्ली काढली.

"विनायक, थांब," श्यामराव म्हणाले, पण कुलूप उघडलं होतं.

ट्रंकेच्या तळाशी रुमालाची पुरचुंडी होती. विनायक ती सोडू लागला. रुमाल सुटेना, चिकटला होता. तीन दिवसांच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापला होता. लाख पाघळून एका बिल्ल्याची दुसऱ्यात मिसळली होती आणि मग थिजली होती. हातात आला तो एक लाल, गुळगुळीत गोळा. मधून मधून पत्र्याच्या कडा बाहेर आलेल्या.

विनायकने तो दिव्यापाशी नेला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नखाने एक बिल्ला सोडवून पाहिला. त्याची पाठ काचेसारखी साफ होती.

"एक तरी असेल," तो म्हणत होता. "एक तरी."

"मला ढेकूण मारायचे होते रे," प्रेमलताबाई रडत म्हणाल्या. "मला काय माहीत, विनू? मला काय माहीत?"

सुहासिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात त्यांच्या मागून कमल पुढे आली आणि झगा उलटा करून उभी राहिली.

"माझ्याकडे आहे."

विनायक गुडघ्यांवर बसला. टाचणी उघडायला त्याची बोटं धडपडू लागली. कापड ताणलं गेलं.

"बाबा, फाटेल," हेमा म्हणाली. पुढे होऊन तिने डाव्या हाताच्या एका हिसक्यात टाचणी सोडवली. मग तिने भिंतीपाशी ठेवलेली आपली पाटी घेतली, त्यावरचं मिनाकामाचं जहाज काढलं आणि कमलच्या झग्याला लावलं. फुकट घ्यायचं नाही, हा आईचा नियम होता.

विनायक बिल्ल्याकडे बघत नव्हता. तो हेमाच्या हाताकडे बघत होता. टाचणी घाईने उघडताना तिच्या अंगठ्याला ती लागली होती आणि हेमाने तो अंगठा तोंडात घातला होता.

"विनायक," श्यामराव खालच्या आवाजात म्हणाले, "तू लाखेत जे शोधत होतास, ते उद्याच्या गाडीने पुण्याला निघालं होतं."

विनायकने हेमाचा डावा हात धरला आणि आपल्या गालाला लावला. मग तो मोठ्याने रडला, सगळ्यांसमोर, अक्कासमोरही. हेमा उभ्या उभ्या त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

प्रेमलताबाई बऱ्याच वेळाने उठल्या. कोनाड्यातून त्यांनी पुण्याची तिकिटं काढली आणि श्यामरावांच्या हातात दिली. "ही परत करून या. आणि मनोहर भावजींना सांगा, एकट्यानेच जा." त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "हेमे, हात धू. पानं वाढते. जेव त्याच हाताने."