जितकं लागेल तितकंच

त्यांना सगळे व्यायामवाल्या ताई म्हणत. घरोघरी जाऊन माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं, हे त्यांचं काम. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाचा अर्धांगवायूत डावा हात गेलेला. नऊ वर्षं हे काम त्या आपल्या राखाडी इलेक्ट्रिक गाडीतून करत होत्या. गाडी घेतली तेव्हा एकदा चार्ज केली की अडीचशे किलोमीटर जायची. आता रात्रभर लावून ठेवली तरी पडद्यावर चौऱ्याण्णवच्या वर आकडा येत नसे.

जुन्या बॅटरीची गाडी म्हणजे काय, हे ज्याची असते त्यालाच कळतं. थंडीत हीटर लावला की पंधरा किलोमीटर गेलेच, म्हणून ताई हातमोजे घालून, मांडीवर शाल टाकून गाडी चालवत. चढाचा रस्ता टाळत. पेशंटच्या वेळा चार्जर मोकळा असेल तशा ठरत. किराणा दुकानामागच्या चार्जरपाशी दीड-दीड तास बसून त्यांनी दोन स्वेटर विणून संपवले होते. ती बॅटरी आता कुणी बनवतच नव्हतं, आणि नवी कुठे मिळालीच तर तिच्या किमतीत दुसरी गाडी आली असती.

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला," ताईंचे मिस्टर म्हणायचे. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि प्रत्येक गोष्टीकडे एक डोळा मिटून बघायचे. "गाडी आपली, पण घरात हुकूम तिचा."

ताई हसून सोडून देत. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नव्हती. त्यांचे दादा फार लांब राहत. आई-वडील लवकर गेल्यावर ताईंना याच भावाने वाढवलं होतं, पुस्तकं बांधायचं काम करून. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. पण त्या रस्त्यावर चार्जर दोनच होते, त्यातला एक बंद. बसने ताईंची पाठ धरायची. "पुढच्या महिन्यात येते, दादा," असं म्हणता म्हणता दीड वर्ष उलटलं होतं.

मग एका मंगळवारी पूर्ण चार्ज झालेल्या गाडीने सत्तावन्न आकडा दाखवला.

त्या दिवसाची फेरी ऐंशीची होती. ताई कपाळाला हात लावून निघाल्या. पहिल्या घरून दुसऱ्या घरी जाताना फोन आला, आज पाहुणे आलेत, नका येऊ. चौथ्या पेशंटच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती, तिथूनही फोन आला. ताई लवकर घरी परतल्या. फाटकातून आत शिरताना पडद्यावर एक होता. गाडी जागेवर लावली तेव्हा शून्य.

दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशी. मधेच एका पेशंटने बोलावल्यामुळे उलटं जावं लागलं, आणि फेरी बरोबर त्र्याऐंशीची झाली. पुढे एकाहत्तर, मग अठ्ठ्याऐंशी. रविवारी दोघं मिस्टरांच्या बहिणीकडे जाणार होते, पण गाडी सहावर अडली होती. प्लग काढून पुन्हा लावला तरी सहाच. तेवढ्यात बादली उचलताना मिस्टरांच्या पाठीत चमक भरली. दवाखाना तीन किलोमीटरवर होता. जाऊन-येऊन सहा.

ताईंनी हे मिस्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते एक डोळा मिटून बघत राहिले असते. त्या मात्र रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी गाडीत जाऊन बसू लागल्या. आकडा बघायचा आणि दिवस कसा जाणार याचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकायचा, आकडा कधी चुकला नाही.

थंडी सरत आली होती. त्या गुरुवारी पडद्यावर दोनशे बारा होते.

ताई थेट बॅटरीवाल्याकडे गेल्या. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, आता शहराच्या कडेला शेड टाकून जुन्या बॅटऱ्यांत जीव घालायचा. त्याने गाडीला वायर जोडली, लॅपटॉपवर बराच वेळ बघितलं, आणि चष्मा काढून पुसला.

"ताई, ही गाडी मनाचं सांगतेय. आतले निम्मे सेल गेलेत. शंभर गेली तरी नशीब म्हणा. गावाबाहेर काढू नका हिला."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच ताईंचा फोन वाजला. दादांच्या शेजारच्या काकू होत्या. दादा सकाळपासून काही घेत नाहीत, डॉक्टर येऊन गेले, दवाखान्यात न्यायला दादाच नको म्हणतात. "तुझं नाव घेतायत गं," काकू म्हणाल्या. "आजच ये."

ताईंनी फोनवर रस्ता लावून बघितला. शेडपासून दादांच्या दारापर्यंत दोनशे अकरा किलोमीटर. घरापासून शेडपर्यंत त्या एक किलोमीटर आल्या होत्या.

त्यांनी गाडी सुरू केली. बॅटरीवाला दारापर्यंत धावत आला. "टॅक्सी बघा, ताई. मधेच अडकाल." ताईंनी काच खाली करून एवढंच म्हटलं, "घरी मिस्टरांना फोन करा. सांगा, मी दादाकडे गेले."

पहिले नव्वद किलोमीटर काहीच वेगळं घडलं नाही. बॅटरीचे टक्के उतरत गेले, वीस, अकरा, चार. एका पुलावर ते शून्य झाले. ताईंनी गाडी कडेला घ्यायची तयारी केली.

गाडी थांबली नाही.

टक्के शून्य होते आणि पडद्यावर उरलेले किलोमीटर एकशे अठरा. मोटरचा नेहमीचा बारीक सूर बंद झाला होता. टायरचा आवाज तेवढा येत होता. हीटर बंद असूनही पायाखालचा, बॅटरीवरचा पत्रा कोमट लागत होता, तापलेल्या यंत्रासारखा नाही, झोपलेल्या माणसाच्या अंगासारखा. ताईंनी हातमोजे काढून ठेवले. त्यांना भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी लहानपणी दादांच्या सायकलवर मागे बसल्यावर वाटायचं तसं वाटत होतं.

पावणेदोनला त्या दादांच्या दाराशी पोहोचल्या. चाक थांबलं आणि आकडा शून्य झाला.

दादा खिडकीपाशी पडून होते. "आलीस, चिमे?" ते म्हणाले. "मला वाटलं संध्याकाळ होईल."

सगळी दुपार दोघं बोलत होते. ताईंनी सवयीने त्यांचे पाय हातात घेऊन हळूहळू वाकवले, ताणले. दादा हसले. "तुला चालायला मी शिकवलं. आता तू मला शिकवतेस होय?" मग त्यांनी एक जुनं भांडण काढलं, त्यात आपलीच चूक होती म्हणाले, ताई म्हणाल्या माझी होती. त्यावरून पुन्हा थोडे भांडले. बोलता बोलता दादांनी ताईंचं बोट धरून ठेवलं. दिवेलागणीला ती पकड सैल झाली.

तेरा दिवसांनी गाडी ओढून परत आणली. बॅटरीवाल्याने पुन्हा वायर जोडली आणि त्या गुरुवारची नोंद काढली.

"आत बावीस युनिट गेले होते, ताई. खर्च झाले सत्तेचाळीस. हे वरचे आले कुठून?"

"ते मला नाही सांगता यायचं," ताई म्हणाल्या. "पण मला शेवटची दुपार मिळाली."

त्याने लॅपटॉप मिटला. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही.

गाडी आता चाळीसच्या वर जाईना, आणि ताईंची कामं खोळंबली. शेवटी बॅटरीवाल्यानेच अपघातात मोडलेल्या एका गाडीची चांगली बॅटरी शोधून आणली. जुनी काढून ठेवली तेव्हा ताईंनी तिच्यावर तळहात ठेवला. थंडगार होती.

"हिला भंगारात नका घालू," त्या म्हणाल्या.

"मग मला द्याल?" बॅटरीवाला संकोचून म्हणाला. "घरी आई आहे. ऑक्सिजनच्या मशीनवर असते. आमच्याकडे वीज सारखी जाते, आणि वीज गेली की मशीन बंद पडतं. त्या कामाला एवढी जान पुष्कळ झाली."

ताईंना फार बरं वाटलं. ज्या गोष्टीने आपल्यावर उपकार केले ती चांगल्या घरी चालली होती. त्यांनी ती तशीच देऊन टाकली.

नवी बॅटरी गुणी निघाली. दोनशे तीस दाखवायची आणि दोनशे तीस जायची, मग ताईंना तेवढं जायचं असो वा नसो. हीटर लावून गाडी चालवताना ताईंना कधी कधी उगाच एकटं वाटायचं.

महिनाभराने सकाळी दहा वाजता बॅटरीवाल्याचा फोन आला.

"ताई, आभार मानायला फोन केला. परवा चार तास वीज नव्हती, आईचं मशीन एकदासुद्धा थांबलं नाही. तुमचे उपकार झाले."

"माझे कसले? आई कशा आहेत?"

"छान. आज तर स्वतःहून उठून बसली. केस विंचरून दे म्हणाली. बरं, एक विचारायचं होतं. बॅटरी अजून किती तास पुरेल, ते दाखवणारा पडदा बसवलाय मी. त्याचं काही जुळत नाही. परवा सकाळी चोपन्न होते. काल तीस. आता सहा. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, मशीन भिंतीतल्या विजेवर चालू आहे, आणि तरी दर तासाला एक उतरतो. मी दोनदा उघडून बघितलं. बिघाड नाही."

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"ताई?"

"आज शेड उघडू नका," त्या म्हणाल्या. "आईजवळ बसा."

फोनमधून मशीनचा संथ आवाज येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

"किती वाजेपर्यंत?" त्याने हळूच विचारलं.

"चार."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि मागून एक म्हातारा, प्रसन्न आवाज विचारत होता, "आज सुट्टी का रे तुला?"